रुपेरी शेपटीच्या सुटकेचा ठराव

मिनेसोटा राज्यात लेक एल्सा या गावी, लुथरन चर्चच्या तळघरात, ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी तीन वाजून पन्नास मिनिटांनी आर्डिस हॉगन यांचा डावा मागचा पाय पोलादी सापळ्यात अडकला. त्या वेळी त्या घडीच्या खुर्चीवर बसून कॉफी पीत होत्या.

पाय अर्थात त्यांचा स्वतःचा नव्हता. तो रुपेरी शेपटी या लांडगीचा होता, आणि रुपेरी शेपटी गेली चार वर्षं दर शनिवारी एक ते चार या वेळात आर्डिसबाईच होत्या. गावातली सात प्रौढ माणसं या तळघरात जमायची, फासे टाकायची आणि पौर्णिमेला लांडगे होणाऱ्या माणसांची टोळी बनून कागदावरच्या जंगलात हिंडायची. लोखंडी सामानाच्या दुकानात काम करणारा डेल सॉरबी हा खेळ चालवायचा. जंगल, नदी, शिकारी, पौर्णिमा हे सगळं त्याच्या तोंडून यायचं, आणि त्या दिवशी फाशावर दोन पडल्यामुळे सापळाही आला.

आर्डिसबाईंचं वय एकसष्ट. सव्वीस वर्षं शाळेची बस चालवून त्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते आणि शस्त्रक्रियेनंतरही ते पूर्वीसारखे झाले नव्हते. तळघराच्या अकरा पायऱ्या त्या कठडा धरून एकेक करत उतरायच्या. पण खाली पोचल्या की तीन तास धावायच्या. ओंडक्यांवरून उड्या मारायच्या, गोठलेली नदी एका दमात ओलांडायच्या. आठवडाभर त्या शनिवारची वाट बघायच्या ती एवढ्यासाठीच, आणि यात हसण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही.

"आता तुम्ही सहा जण या आणि मला ओढून काढा," त्या म्हणाल्या.

"येतो की," सगळे म्हणाले. पण चार वाजले होते आणि गोधड्या शिवणाऱ्या बायकांना खोली हवी होती. सुटका पुढच्या शनिवारवर गेली.

पुढच्या शनिवारी डेल एक पुस्तिका घेऊन आला. 'लांडगेसमाजातील कारभार व नेतृत्वपदे', पानं अठ्ठेचाळीस. टोळीचा कारभार जरा शिस्तीत चालावा एवढाच त्या बिचाऱ्याचा हेतू होता. जगातल्या बहुतेक आपत्तींमागे कोणाचा तरी असाच चांगला हेतू असतो.

पुस्तिकेच्या पान चारवर स्पष्ट लिहिलं होतं की म्होरक्याच्या आदेशाशिवाय टोळीने सामूहिक हालचाल करू नये. टोळीला म्होरक्या नव्हता. चार वर्षांत त्याची गरज कोणाला भासली नव्हती. तो निवडायचा कसा, हे पान पाचवर होतं: ज्याला नेतृत्व हवं त्याने दात विचकावेत आणि प्रतिस्पर्ध्याच्या नरड्यावर झेप घ्यावी.

आता आमच्या लेक एल्सात ताटातली शेवटची लिंबाची वडी कोणी उचलत नाही. तिचे दोन तुकडे होतात, मग चार, मग आठ, आणि शेवटी उरलेला कण यजमानीण डोळे पुसत फेकून देते. अशा गावात नरड्यावर झेप कोण घेणार? डेलने विचारल्यावर सगळे टेबलाकडे बघू लागले.

"लाईल, तू हो ना," मर्ना म्हणाली. मर्ना ही आर्डिसबाईंची शाळेपासूनची मैत्रीण.

"छे, छे. मी कसला? पीटरसन बंधूंपैकी कोणी व्हावं."

"आम्ही नको बाबा," थोरले पीटरसन म्हणाले. "हॅल्वर्सन नवरा-बायको आहेत की. दोघं मिळून होतील."

"आमचं काय, आम्ही आपले मागे पळू," हॅल्वर्सनबाई म्हणाल्या.

हे तीन शनिवार चाललं. शेवटी लाईलने मार्ग काढला. लाईल एकतीस वर्षं परगण्याच्या परवाना कचेरीत होता आणि निवृत्त झाल्यापासून त्याला कोणाचाच अर्ज नाकारता आला नव्हता. तो म्हणाला, "आधी खालची पदं भरू. वरचं आपोआप भरेल."

खालची पदं बारा होती. माणसं सहा. प्रत्येकाला दोन-दोन आली आणि ती सगळ्यांनी निमूट घेतली, कारण नेतृत्व मिरवणं वाईट पण जबाबदारी टाळणं त्याहून वाईट, असं आमच्याकडे लहानपणापासून शिकवतात. लाईल नियमरक्षक आणि कुलवृत्त-लेखक झाला. मर्ना उपम्होरक्या आणि आरोळीप्रमुख झाली. थोरले पीटरसन हद्दआखणी अधिकारी झाले. लांडगे हद्द कशाने आखतात, तो भाग पुस्तिकेने सभ्यपणे गाळला होता.

"मला काय?" आर्डिसबाईंनी विचारलं.

लाईलने चष्मा वर सरकवला. "आर्डिस, तू नदीपलीकडे तीन मैलांवर सापळ्यात आहेस. इथे नाहीस."

"अरे, तुझ्या शेजारी बसलेय मी."

"तुझा आवाज इथवर पोचत नाही," लाईल म्हणाला. "हे मी तुला माणूस म्हणून सांगतोय. लांडगा म्हणून मला तू ऐकूच आली नाहीस."

गोंधळ नको म्हणून आर्डिसबाईंची खुर्ची उचलून कॉफीच्या मोठ्या किटलीपाशी नेली. मधल्या मोकळ्या जागेला नदी म्हणायचं ठरलं. थोड्या वेळाने मर्नाने त्यांना वडी नेऊन दिली, तेव्हा लाईलने पेन्सिल वर केली. "ही वडी नदी ओलांडून कशी गेली?"

"माणूस म्हणून दिली," मर्ना म्हणाली. "लिही तसं."

त्याने तसं लिहिलं.

डिसेंबरात खरी अडचण उघड झाली. म्होरक्याची निवड करायला सातही लांडगे हजर हवेत, असं पान नऊ सांगत होतं. सातवा लांडगा सापळ्यात होता. त्याला सोडवायला म्होरक्या हवा आणि म्होरक्या निवडायला तो सुटलेला हवा. डेलने डोकं धरलं. आर्डिसबाईंनी किटलीपाशी बसून सुचवलं की पुस्तिका खिडकीतून बर्फात फेकावी, पण ते कोणाला ऐकू गेलं नाही.

तेवढ्यात चर्चची देखभाल करणारा वेंडेल इमारत गरम ठेवणारी भट्टी बघायला खाली उतरला. लाईलने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"वेंडेल, तुला वेळ आहे का? आर्डिसच्या जागी हंगामी बसायचंय."

"करावं काय लागतं?"

"काही नाही. हजर राहायचं."

"ते मी इथे एकोणीस वर्षं करतोय," वेंडेल म्हणाला आणि बसला. अशा रीतीने वेंडेल हंगामी रुपेरी शेपटी झाला. पुढच्या शनिवारी तो घरून स्वतःची उशी घेऊन आला. खरी रुपेरी शेपटी किटलीपाशी बसून त्याला कॉफी ओतून देत होती.

सात झाले. निवडणूक घेतली. परत तेच: तू हो, मी नको, माझी कंबर, माझी नातवंडं. दुपारचे साडेतीन वाजले आणि वडीचे आठ तुकडे झाले. लाईल उठला. त्याच्या चेहऱ्यावर एकतीस वर्षांच्या नोकरीचं तेज आलं होतं.

"नाही म्हणू शकणार नाही असं आपल्यात कोण आहे?" त्याने विचारलं. "जिचा आवाज इथवर पोचत नाही, ती."

आर्डिसबाई म्हणाल्या, "नको, मला नको." नियमरक्षकाने कान टवकारले, वाट बघितली आणि हरकत आली नसल्याची नोंद केली. सातच्या सात मतं पडली. त्यातलं एक वेंडेलने त्यांच्या वतीने त्यांनाच दिलं.

किटलीपाशी त्यांची घडीची खुर्ची तशीच राहिली आणि त्यांच्यासाठी टेबलाच्या टोकाला नवी ठेवली. हाताची खुर्ची होती, पाद्रीबाबांच्या खोलीतून आणलेली. टेबलाचं टोक हाच आता सापळा, असं डेलने जाहीर केलं.

"ठीक," म्होरक्या आर्डिसबाई म्हणाल्या. "माझा पहिला आदेश. या आणि मला सोडवा."

म्होरक्याचा आदेश पोचवायला आरोळीप्रमुख असते, म्हणून मर्नाने तो पुन्हा मोठ्याने म्हटला. आदेश पोचला. पण लाईलने पान एकतीस काढलं: पदाधिकाऱ्याने स्वतःच्या लाभाचा आदेश देऊ नये, असा विषय सभेपुढे ठेवून पुरेशी पूर्वसूचना द्यावी. पुरेशी म्हणजे किती, हे लिहिलेलं नव्हतं. सगळ्यांनी सभ्यपणे एप्रिल ठरवला.

आणि मग जानेवारी, फेब्रुवारी, मार्च गेले, त्याची गोष्ट सांगायला मला जरा जड जातं.

आर्डिसबाईंना सव्वीस वर्षांत बसमध्ये एकच प्रश्न विचारला गेला होता: ही नऊ नंबरचीच ना? आता सहा मोठी माणसं, आणि वेंडेल, त्यांनी पेन्सिल उचलली की बोलायची थांबायची. धाकटे पीटरसन त्यांना विचारायचे, नदीकाठच्या वासाची चौकशी आधी करू की डोंगराकडच्या? त्या विचार करून म्हणायच्या, "नदीकाठच्या." मर्ना ते मोठ्याने सांगायची. लाईल लिहायचा. किराणा दुकानात हॅल्वर्सनसाहेबांनी त्यांच्यासाठी दार धरून ठेवलं. पाद्रीबाबांनी एका रविवारी सगळ्यांसमोर त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. घरी त्यांनी पुस्तिकेची स्वतःची प्रत मागवली आणि पान एकतीसखाली रेघ मारली.

कारभारही झकास चालला होता. म्होरक्या जागचा हलत नसल्यामुळे टोळी कुठे गेली नाही. टोळी कुठे गेली नसल्यामुळे कोणाला इजा झाली नाही. डेलने मार्चच्या अहवालात लिहिलं की इतका सुरक्षित काळ टोळीने कधी पाहिला नव्हता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या तीन महिन्यांत कोणी फासे हातात घेतले नव्हते, हे फक्त मर्नाच्या लक्षात आलं, आणि तिने ते वड्यांचं ताट आवरताना आर्डिसबाईंना हळूच सांगितलं.

"तू पळायचीस तेव्हा तुझा चेहरा काय व्हायचा ग. मी खेळायला नाही, तो बघायला यायचे."

"एप्रिलमध्ये आहे ना विषय," आर्डिसबाई म्हणाल्या.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी सुटकेचा ठराव आला. हंगामी रुपेरी शेपटीचे हितसंबंध गुंतलेले असल्यामुळे वेंडेलला मत नव्हतं. तो उशीवर बसून राहिला. मर्ना आणि दोन्ही हॅल्वर्सन ठरावाच्या बाजूने होते. दोन्ही पीटरसन विरुद्ध होते, आणि त्यांना त्याचं फार वाईट वाटत होतं.

"आम्हाला तू सुटायला हवीच आहेस, आर्डिस," थोरले म्हणाले. "फक्त घाई नको."

लाईलही विरुद्ध होता. त्याने कारण दिलं. "सुटका झाली की तिचा आवाज पोचणार. आवाज पोचला की ती नाही म्हणू शकणार. म्हणजे ती नाही म्हणू शकत नाही म्हणून झालेली निवड रद्द. मग पुन्हा सगळं पहिल्यापासून. तू हो, मी नको. चालेल तुम्हाला?"

सगळ्यांच्या अंगावर काटा आला. तीन विरुद्ध तीन झाले. पान तेहतीसप्रमाणे अशा वेळी म्होरक्याचं मत निर्णायक. स्वतःच्या लाभाचं असलं तरी? डेलने दोनदा वाचलं. हो, असलं तरी. आवाज पोचत नसल्यामुळे मत हात वर करून द्यायचं होतं.

डेलने फार दिवसांनी खेळातला आवाज काढला. बर्फ वितळतंय, तो म्हणाला, सापळ्याची साखळी गंजलीय, पलीकडे उतार आहे, पाइनचा वास येतोय, आणि उताराच्या तळाशी नदी मोकळी झालीय. एक हात वर, बस. टोळी झेपावेल.

आर्डिसबाईंनी डोळे मिटले. पोटरीत काहीतरी ताणलं गेलं, जसं पूर्वी तीन तास व्हायचं. तो उतार त्यांना दिसला. मग त्यांना उताराच्या तळाशी इतरांसारखीच एक लांडगी दिसली, सात जणांत सातवी, घडीच्या खुर्चीवर.

"अगं, उचल की हात," मर्ना कुजबुजली. "पळशील."

आर्डिसबाईंनी डोळे उघडले आणि हाताच्या खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.

"विषय गंभीर आहे," त्या म्हणाल्या. "भावनेच्या भरात निर्णय नको. उपसमिती नेमू. तिचा अहवाल शरद ऋतूत घेऊ."

आवाज पोचत नाही असं या वेळी लाईल म्हणाला नाही. त्याने शब्द न् शब्द उतरवून घेतला. पीटरसन बंधूंनी सुटकेचा श्वास सोडला. मर्नाने म्होरक्याचा आदेश मोठ्याने पुन्हा सांगायचा होता. ती उभी राहिली, तोंड उघडलं, आणि मग कोट घेऊन वर गेली. तिची दोन्ही पदं त्याच सभेत वेंडेलला दिली गेली.

लेक एल्साच्या कारभाराची कीर्ती आता राज्यभर झाली आहे. इतर टोळ्यांनीही पुस्तिका मागवली आणि अनुभवाअंती सुधारणा केली, की पदाधिकाऱ्याचा किमान एक पाय सापळ्यात असावा. स्थैर्याला ते बरं पडतं. या सुधारणेमुळे काही जागा नव्याने निर्माण झाल्या असून इच्छुकांचे अर्ज मागवले आहेत. सापळा टोळी देईल, पाय स्वतःचा आणावा. गेल्या जाहिरातीला एकोणीस अर्ज आले. लाईलने छाननी केली तेव्हा असं आढळलं की सतरा जण पाय घरूनच अडकवून आले होते आणि उरलेले दोघे, आपला सापळा अधिक जुना असल्याने आपल्याला प्राधान्य मिळावं, म्हणून भांडत होते. त्या यादीत आपलं नाव नाही याची वाचकांनी एकदा खात्री करून घ्यावी. आणि नसल्यास, शेवटची तारीख अजून गेलेली नाही.