आप्पांचा हादरा

उसाची ट्रॉली गल्लीतून गेली आणि कपबशा वाजल्या की आमचे शेजारी आप्पा डोळे मिटून अंदाज घेतात आणि निकाल देतात, "इंटरव्हलच्या आधीचा हादरा हाय. नुसती चुणूक दावतोय." रस्त्याच्या कामाला रोलर आला तेव्हा मात्र त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या.

आप्पा इथं इस्लामपुरातल्याच एका टॉकीजमध्ये सिनेमाचं मशीन चालवायचे. टॉकीज पाडून तिथं आता मंगल कार्यालय झालंय. आप्पांच्या लेखी सिनेमा म्हणजे संकटाचा सिनेमा. भूकंप, पूर, आग, बुडतं जहाज. बाकी सगळा कचरा. "प्रेमात काय बघायचंय गड्या? ती दोगं झाडामागं जात्यात, आन आमी बसतो झाडाकडं बघत!" पुराच्या सिनेमाला ते पहिल्या रांगेवर पिचकारीनं पाणी उडवायचे. आगीच्या सिनेमाला एकदा पडद्यामागं ओला पाला पेटवला. धुरानं पब्लिक खोकत रस्त्यावर आलं. मालकानं आप्पांची कॉलर धरली, तर पब्लिकच मालकाला म्हणालं, त्यांना सोडा आणि आग परत दाखवा.

पण त्यांचा खरा जीव भूकंपात. त्यासाठी त्यांनी एक लाकडी खोका बनवला होता. आत भलामोठा स्पीकर, तोंड जमिनीकडे. तो बाकाखाली सारून आवाज सोडला की वरची माणसं चाळणीतल्या शेंगदाण्यांसारखी उडायची. "आता मोबाईलवर भूकंप बघत्यात म्हणं! आरं, हादरा पायातनं वर आला पायजे, कानातनं न्हवं."

टॉकीज गेली आणि खोका आप्पांच्या घरी आला. दर रविवारी दुपारी ते तो दिवाणाखाली लावतात आणि आमच्या फडताळातल्या बरण्या नाचतात. आमचा भाग धरणीकंपाला सरावलेला, भांडं वाजलं की माणूस आधी अंगणात येतो आणि मग शुद्धीवर. पहिल्या रविवारी अख्खी गल्ली रस्त्यावर होती, काहीजण टॉवेलवर. पुढं सवय झाली. भांडी वाजली की आप्पांना शिव्या घालायच्या आणि कूस बदलायची. आप्पांच्या बायकोला, मालनकाकींना, ऐकू येत नाही. लग्नानंतर तापात कान गेले. सुटली बिचारी, असं सगळी गल्ली म्हणायची.

शेवटी एका खिडकीची काच तडकली आणि गल्लीनं ठरवलं, खोका घराबाहेर गेला पाहिजे, नाहीतर पोलिसात तक्रार. हे सांगायला मला पाठवलं. मी जन्मभर मास्तरकी केलेली, म्हणजे नको ते काम माझ्याच गळ्यात.

रविवारी मी त्यांच्या फाटकाशी पोचलो आणि पायाखालची फरशी थरथरली. पत्रे वाजले. घराघरातून नेहमीच्या शिव्या आल्या. तेवढ्यात आप्पा बनियनवर बाहेर धावले, हातात खोक्याची वायर.

"आवं, भाईर या! माझा न्हाई ह्यो! खरा हाय!"

कोणीही आलं नाही. समोरच्या माडीवरून आवाज आला, "आप्पा, बारीक करा जरा!"

"आवं मास्तर, अजून जोडलाबी न्हाई! ही बगा की वायर!" आणि एकदम ते थांबले. "मालन," म्हणाले आणि आत पळाले. मीही मागोमाग.

मालनकाकी दिवाणावर बसल्या होत्या, दोन्ही तळपाय फरशीवर सपाट टेकवून. चेहरा नुसता फुललेला. आप्पांनी त्यांचा हात ओढला, तर त्यांनी उलट आप्पांनाच शेजारी बसवलं.

"बसा की! आज लय झ्याक लावलाय," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "टॉकीजात माज्या बाकाखाली पयल्यांदा लावलासा, अगदी तसा!"

हादरा केव्हाच थांबला होता. आप्पा तसेच बसून राहिले. मग काकींना ऐकू जाणार नव्हतं तरी हळूच मला म्हणाले, "तिला सिनेमातलं तेवढंच आयकू यायचं, मास्तर. म्हून तर केला खोका. ह्यो माझा नव्हता, तेवढं तिला कळू दिऊ नगासा."

मी बाहेर पडलो. फाटकाशी आता गल्ली जमली होती.

"सांगितलंत का?"

"बोलणं झालं," मी म्हणालो. "दर रविवारी बरण्या खाली काढून ठेवायच्या."