सिदोपंतांचे तेल शुद्ध जाहले त्याची हकीकत

श्री. ज्याचे पोटी उजेड ओळखू येतो त्या अंधारास नमन. शके एकोणीसशे बेचाळीस, शार्वरी नाम संवत्सरे, कार्तिक मासी वर्तले ते लिहितो. एके राज्यी श्रीमंतांचे चित्ती आले की, सूर्यापासून निघोन डोंगर, तट, माणूस सर्व भेदून जाणारा न्यूट्रिनो नामे अदृश्य स्वार एकवार पाहावा. मग डोंगराचे पोटी भुयार खणोन हौद बांधिला, आणि त्यात भरावयाचे तेल करणेस सिदोपंत रसायनी यांस आज्ञा जाहली. तेल ऐसे पाहिजे की स्वाराचा धक्का लागताच चमकावे, एरवी निखळ काळोख राहावा. पंतांनी हयात वेचिली. तेल कधी पिवळे पडे, कधी गढूळ होई, आणि पंत पुन्हा भट्टी लावीत. लेक अवडाई हाताखाली शिकली. तीस निक्षून सांगत, "बाये, हौदात माणसाचा घामही पडू देऊ नको. आपल्या हाडामासांत क्षार असतो, तोही तेल चमकवितो. मग स्वार कोण आणि आपण कोण, कळणार नाही." शेवटी तेल साधले, आणि हौद भरणेचे आधीच पंतांस देवाज्ञा जाहली. एक चमक पाहावी, ही वासना राहिली.

त्या राज्यी चाल ऐसी की, मेल्या माणसाचा जीव जेथे गुंतला तेथे चिमूटभर रक्षा सोडावी. अवडाईस पंतांचा नेम ठाऊक, परंतु दुःखापुढे शहाणपण चालत नाही. चिमटीने काय होते म्हणोन तिने हौदात रक्षा सोडिली. मग हौद भरला आणि क्षणोक्षणी चमकू लागला. श्रीमंत संतोषले, तोफा जाहल्या, हत्तीवरून साखर वाटिली. परंतु चमका मोजणारे म्हालोजी नाईक मान हलवोन बोलिले, "बाईसाहेब, स्वार क्वचित येतो नि निघोन जातो. हा तर घरचाच कोणी ठाण मांडून बसला आहे." ऐकोन अवडाई सारे सांगती जाहली. श्रीमंत रागावले नाहीत. इतकेच बोलिले, "बाई, त्यांस तुम्हीच काढा." मग तेल पुन्हा भट्टीवर चढविले, वाफ धरोन निराळी केली, आणि तळाशी करडा डाग राहिला तो तिने पदराने पुसून नदीस दिला. हौद फिरोन भरला. नाईकांनी पाहिले आणि म्हणाले, "काळोख आहे. तेल उत्तम." अवडाई काळोखाकडे पाहत राहिली. म्हणाली, "आबा, आता खरेच गेलात."

एकूण, लेकीने बापास दोनदा निरोप दिला तेव्हा तेल शुद्ध जाहले. स्वार अद्याप आला नाही. लेखनसीमा.