धाकटा अजून हवेत आहे

निवड करावी तर मीच करावी! ही बढाई नाही, हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. बिस्किटांच्या कारखान्यात मी तपासनीस आहे. समोरच्या पट्ट्यावरून बिस्किटं सरकत येतात आणि मी त्यांच्याकडे रोखून बघतो. कड तुटली, नापास! जास्त भाजलं, नापास! नीट फुगलं नाही, नापास! इतकी वर्षं झाली, पण एक वाकडं बिस्कीट माझ्या नजरेतून सुटलेलं नाही. हीच शिस्त मी घरातही लावणार होतो. पण बायको म्हणाली, "घरात नापास करायला सुरुवात झाली, तर पहिला नंबर कुणाचा लागेल याचा आधी विचार कर." मी विचार केला आणि तो विषय सोडून दिला.

तर अशा माणसाच्या घरात मुलं दिवसभर मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलेली! थोरला नऊ वर्षांचा, त्याला सगळे दादाच म्हणतात. धाकटी चिमी, पाच वर्षांची. परवा शनिवारी बघतो तर दादा मोबाइलवर धडाधड माणसं उडवतोय आणि चिमी शेजारी बसून सांगतेय, "अरे, तो बघ, खांबामागे एक राहिलाय!" माझं डोकंच फिरलं.

"बंद करा ते!" मी गरजलो. "उद्या मी तुम्हाला चांगले खेळ दाखवतो. माझ्या लहानपणचे!"

"लपाछपी?" चिमीने विचारलं.

"छे! व्हिडिओ गेम!"

"मग आत्ता ती काय खेळतायत?" बायको म्हणाली.

"त्यात आणि यात जमीन-अस्मानाचा फरक आहे."

"कोणता?"

"हे जुने आहेत," मी म्हणालो. बायकोने हात जोडले आणि आत निघून गेली.

रविवारी सकाळी मी माळ्यावर चढलो आणि जुन्या चादरीत गुंडाळलेलं माझं ते खेळांचं यंत्र खाली काढलं. शिंकून शिंकून बेजार झालो, पण काढलं! सोबत कॅसेटींचा डबा. त्या सगळ्या मी जमिनीवर ओळीत मांडल्या आणि तपासणीला बसलो. कारखान्यातली टोपीही घालणार होतो, पण बायको बघत होती.

पहिली कॅसेट रणगाड्यांची. गोळीबार! नापास. दुसरी कुस्तीची. या घरातल्या मुलांना त्यातलं नवीन काही शिकवण्यासारखं नाही, नापास. तिसऱ्या खेळात माकड घरांवर दगड मारतं. चिमीची आणि समोरच्या खिडकीची आधीच ओळख आहे, नापास! चौथ्यात गाडी जितकी बेफाम हाकाल तितके गुण जास्त. नापास, नापास!

आणि मग हाती लागला छत्रीवाला. अहाहा! काय गुणी खेळ! एक साधा माणूस. हातात छत्री. कामावरून घरी निघालाय. ना बंदूक, ना मारामारी, ना रक्ताचा थेंब. वाटेत तेवढे खड्डे लागतात, त्यांवरून उडी मारायची, छत्रीने तरंगायचं, घरी जायचं. संस्कार म्हणतात ते हेच की! मी कॅसेटवर बोट आपटलं आणि जाहीर केलं, "पास!"

कॅसेटमध्ये फुंकर मारली, टीव्हीला जोडणी केली, मुलांना दोन्ही बाजूंना बसवलं आणि म्हणालो, "आता नीट बघा. बाबा कसा खेळतो ते."

संगीत सुरू झालं. छत्रीवाला चार पावलं चालला आणि पहिल्याच खड्ड्यात धप्पकन पडला.

"बाबा," चिमी म्हणाली, "तो कुठे गेला?"

"गेला. पण काळजी नको, अजून दोघं आहेत."

तेवढ्यात नवा छत्रीवाला उभा राहिला. चिमी पुढे सरकली. "हा कोण?"

"हा दुसरा."

"याचं तोंड तसंच आहे."

"असणारच. तिघं सारखेच असतात."

"म्हणजे भाऊ?"

खरं सांगतो, माझं लक्ष बटणात होतं. ते जरा अडकत होतं. कारखान्यात असं वाकडं बिस्कीट मी कधी सोडलं नसतं, पण घरात तोंडातून निघून गेलं, "हो हो, भाऊ."

झालं! दादाला राहवलं नाही. त्याने माझ्या हातातून बटणं ओढून घेतली. "अगं वेडे, भाऊ-बिऊ काही नाही. ते लाइफ असतात लाइफ!"

"लाइफ म्हणजे काय, बाबा?"

"म्हणजे... जीव."

चिमीचे डोळे केवढे तरी झाले. "त्याचा जीव गेला?!"

मी दादाकडे असं बघितलं, की तो घाबरून बटण दाबायला विसरला आणि मधला भाऊही त्याच खड्ड्यात गेला.

मग जे रडणं सुरू झालं, विचारू नका! शेजाऱ्यांनी दार उघडून पाहिलं. आतून आई आली. म्हणजे माझी आई. बायको हातातलं लाटणं घेऊनच आली आणि तिची नजर आधी माझ्याकडेच वळली, याची मी नोंद घेतली. टीव्हीवर तिसरा छत्रीवाला एकटाच उभा होता आणि चिमी हुंदके देत म्हणत होती, "आता धाकटा एकटा राहिला! त्याला कोण नेणार घरी?"

ती स्वतः धाकटी. तिला ते किती लागलं असेल ते माझ्या लक्षात आलं हो! मी तिला मांडीवर घेतलं आणि छाती ठोकून म्हणालो, "मी नेणार! धाकट्याला मी घरी पोचवणार. बाबाचा शब्द!"

शब्द देताना एक गोष्ट मी विसरलो. या जुन्या खेळांना काही लक्षात राहत नाही. आजचे खेळ कसे, दमलात की बंद करा, उद्या तिथूनच पुढे. इथे तसलं काही नाही! वीज गेली की माणूस गेला.

पण खेळलो मात्र जिवाच्या आकांताने. खड्ड्यामागून खड्डे ओलांडले. गाव ओलांडलं, पूल ओलांडला, टेकडी चढलो. चिमीने रडणं थांबवून माझा सदरा घट्ट धरला होता. आणि टेकडीवरच्या सगळ्यात मोठ्या खड्ड्यावर धाकट्याने उडी घेतली, त्याच क्षणी स्वयंपाकघरातून आवाज आला, "जेवायला येताय, की ताटं उचलू?"

हा तिसरा पुकारा होता. आमच्या घरात चौथा नसतो. मी दचकलो आणि अंगठा विरामाच्या बटणावर पडला. धाकटा खड्ड्याच्या बरोब्बर मधोमध, छत्री उघडून, हवेत थांबला.

"पडणार नाही ना?" चिमीने विचारलं.

"टीव्ही चालू असेपर्यंत नाही."

हेही बोलायला नको होतं.

जेवणं झाली आणि आई चष्मा पुसत टीव्हीसमोर येऊन बसली. "लाव रे माझी मालिका."

"नाही!" चिमी टीव्हीपुढे हात पसरून उभी राहिली. "आपण बघितलं नाही तर तो पडेल!"

"कोण पडेल? आणि हा मेला असा अधांतरी का लटकलाय?"

"आजी, त्याचे दोन भाऊ गेले."

"अगं बाई! दोघंही?"

"एकाच खड्ड्यात. एकाला बाबाने ढकललं, एकाला दादाने."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी लहानपणी शाळेची खिडकी फोडली होती, तेव्हा तिने असं पाहिलं होतं. मग तिने पदर सावरला, टीव्हीजवळ खुर्ची ओढली आणि विचारलं, "घरी कोण आहे याच्या?"

"आई वाट बघतेय," चिमी म्हणाली. हे तिला कुणी सांगितलं, देव जाणे!

"बघतच असणार गं," आई म्हणाली आणि तिने डोळ्यांना पदर लावला. मालिकेचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

मी आता बसून उरलेला खेळ संपवणारच होतो, एवढ्यात दारावरची बेल वाजली. दारात वायरमन! स्वयंपाकघरातला बोर्ड कधीपासून ठिणग्या टाकत होता. बायको त्याला महिनाभर फोन करत होती आणि तो महिनाभर 'निघालोच' म्हणत होता. तो आज उगवला! बायकोचा चेहरा जसा उजळला, तसा आमच्या लग्नातही उजळला नव्हता.

वायरमनने बोर्ड उघडला, आत डोकावला, जिभेने च्‌च्‌ केलं आणि म्हणाला, "मेन बंद करावा लागेल."

"नको!" आम्ही तिघं एकदम ओरडलो. मी, चिमी आणि आई.

"नको म्हणजे? चालू लायनीत हात घालू काय? मला घरी पोरंबाळं आहेत, साहेब!"

"आणि याचे दोन भाऊ गेलेत!" आई कडाडली.

वायरमन चपापला. पकड खिशात घालून तो बाहेरच्या खोलीत आला. चिमीने त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो टीव्हीकडे बघत राहिला. "आयला, बराच वेळ लटकलाय की!"

"साहेबांच्या हातून एक गेलाय आधीच," चिमी म्हणाली. ती वायरमनचंच ऐकून मला साहेब म्हणायला लागली होती.

"हे बघा," बायको खोलीच्या मधोमध उभी राहिली. तिचा आवाज एकदम हळू झाला होता आणि तो हळू झाला की घरातल्या पालीसुद्धा कोपरा धरतात. "हा माणूस आज परत गेला, तर पुन्हा महिनाभर यायचा नाही. मला आज, आत्ता, बोर्ड दुरुस्त करून हवाय."

शेवटी तोडगा वायरमननेच काढला. "वहिनी, मला एक कप चहा द्या. मी चहा पिईपर्यंत साहेब खेळतील. कप खाली ठेवला की मेन बंद. मग तो घरी असो की खड्ड्यात."

चहा आला. मी विराम काढला. धाकटा तरंगत पलीकडे उतरला आणि घरात श्वास सुटले. पण टेकडीच्या पुढे रान, रानापुढे ओढा! हाताला घाम, बटण अडकतंय आणि मागून सूचनांचा भडिमार.

"बाबा, उडी!"

"आत्ता नको, आत्ता नको... आता!" हा दादा. सकाळी 'लाइफ असतात' म्हणणारा!

"हळू रे, पाय घसरेल पोराचा," आई.

"साहेब, छत्री! छत्री उघडा!" वायरमन खुर्चीच्या काठावर आला होता. त्याचा चहा थंड झाला होता आणि तो चमच्याने पीत होता. आईने गुपचूप त्याच्या कपात आपला अर्धा कप ओतला. बायकोने ते पाहिलं. पण आश्चर्य म्हणजे तिने कपाकडे दुर्लक्ष केलं, कारण तीही माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती.

"डावीकडे घे, डावीकडे!" ती एकदम किंचाळली.

मी डावीकडे घेतलं. शेवटचा खड्डा. उडी! छत्री! तरंगला... तरंगला... आणि टेकला! समोर छोटंसं घर. खिडकीत दिवा. धाकट्याने छत्री मिटली, दार उघडलं आणि आत गेला.

काय सांगू! चिमी माझ्या गळ्यात पडली. आईने तिथूनच माझी दृष्ट काढली. वायरमनने मला टाळी दिली. मी उठलो, कंबर सरळ केली आणि विजयी वीरासारखा म्हणालो, "पोचला! बाबाचा शब्द म्हणजे शब्द! जा, करा आता मेन बंद!"

वायरमनने कप खाली ठेवला आणि तो निघाला.

"थांबा!" चिमी ओरडली.

टीव्हीवर पुन्हा तेच संगीत सुरू झालं होतं. धाकटा परत पहिल्या खड्ड्यापाशी उभा होता. हातात छत्री.

आता यात काहीच विशेष नाही. जुने खेळ असेच. शेवट झाला की पुन्हा पहिल्यापासून सुरू, गोल गोल. हे मी नीट समजावून सांगणारच होतो. तोंड उघडलंही होतं.

"बाबा, तो परत का आला?"

"अगं, घरी गेला, तर भाऊ नाहीत," आई सुस्कारा टाकून म्हणाली. "निघालं पोर त्यांना शोधायला."

आई! अगं आई!!

वायरमन मेन स्विचपाशी हात वर करून उभा होता. त्याने तो हात हळूच खाली घेतला, पिशवी उचलली आणि चपला घातल्या.

"अहो, चाललात कुठे?" बायकोने विचारलं.

"वहिनी, माणूस भावांना शोधायला निघालाय आणि मी वीज तोडू? मला नाही जमायचं. येईन पुन्हा. तोवर शोधा." दारातून वळून त्याने मला वर बजावलं, "घाई करू नका, साहेब."

त्या रात्रीचा स्वयंपाक मी केला. ठिणग्या टाकणाऱ्या बोर्डाशेजारी, दिव्याच्या बटणाला हात न लावता, अंधारात.

आता धाकट्याला पळवायचं नाही, असा नियम झालाय. प्रत्येक खड्ड्याच्या काठावर त्याला उभं करायचं, मग चिमी टीव्हीला नाक लावून आत वाकून बघते, आई हाका मारते आणि दोघींनी 'इथे नाहीत' म्हटलं की मी पुढची उडी मारायची. दोघींच्या मते यातलं माझं काम अगदी सोपं आहे.

सोमवारी सकाळी कारखान्यात फोन लावला. मोठ्या साहेबांना म्हणालो, "रजा हवी होती. घरात जरा अडचण आहे. दोघं भाऊ हरवलेत."

"अरेरे! तुमचे?"

"नाही साहेब. पण आता घरचेच म्हणायचे."

"पोलिसांत कळवलंत का?"

"अजून नाही. खड्ड्यांत शोधतोय."

साहेब अगदी प्रेमाने म्हणाले, "आठवडाभर बिस्किटांच्या जवळपाससुद्धा फिरकू नका."