कोबा ओला असताना

ओताकार झाहाल्काने फाटकाशी गाडी थांबवली आणि वाक्य पुन्हा एकदा मनात म्हणून पाहिलं. 'राडोवान, क्लब तुझा करार पुढे वाढवत नाहीये.' जंगलातल्या सगळ्या वळणांवर ते एकदाही अडखळलं नव्हतं.

होर्नी लुझेकच्या आइस हॉकी संघाचा मोसम वाईट गेला होता. इतका वाईट, की शेवटच्या सामन्यात प्रेक्षक शिव्या द्यायचं सोडून सॉसेजच्या रांगेत उभे होते. संघ खालच्या साखळीत जाता जाता वाचला, तोही दुसरा एक संघ याहून भिकार खेळला म्हणून. उन्हाळा लागताच साफसफाई सुरू झाली. प्रशिक्षक गेला, गोलरक्षक गेला, फिनलंडचे दोघे तर निरोपही न घेता गेले. उरला कर्णधार राडोवान क्रेपेल्का. वय अडतीस. तो बचावाला मागे वळेपर्यंत समोरचा गोल करून मिठ्या मारत असे. त्याला नारळ द्यायचं काम अध्यक्षांनी मॅनेजर ओताकारच्या गळ्यात घातलं होतं.

"गोड बोलून सांग, आणि झालं की मला फोन कर," अध्यक्ष म्हणाले होते. "उद्या पत्रकारांना बोलावलंय."

राडोवान आपल्या सुट्टीच्या घरामागे उभा होता. शेजारी काँक्रीटचा मिक्सर घरघरत होता.

"साहेब! देवासारखे आलात!"

"राडोवान, मला जरा तुझ्याशी—"

"नंतर! आधी ते घमेलं धरा. मेहुणा येणार होता, त्याची नेमकी आजच कंबर धरली. माल सुकायला लागलाय!"

एवढं एक घमेलं टाकून बोलू, असं ओताकारने ठरवलं. पण एका घमेल्यामागे दुसरं आलं. मग लांब फळीचं एक टोक त्याच्या हातात आलं. दुसरं टोक राडोवानकडे होतं आणि ओला कोबा सपाट करताना करारावर बोलता येत नाही. शहरातले बूट घोट्यापर्यंत बुडाले. एकदा तो जरा जास्तच वाकला आणि खिशातला फोन ओल्या मालात सटकला. "अरे, अरे!" म्हणेपर्यंत राडोवानने अख्खी हातगाडी त्यावर ओतली.

थोड्या वेळाने जमिनीतून फोन वाजू लागला.

"अध्यक्ष असतील," ओताकार म्हणाला.

"उकरू का?" राडोवानने विचारलं. तोंडाने विचारलं खरं, पण चेहऱ्यावर दुःख मावत नव्हतं. "म्हणजे... कोपरा आत्ताच गुळगुळीत केलाय."

ओताकारला ते दुःख बघवेना. "राहू दे," तो म्हणाला. जमीन आणखी दोनदा वाजली आणि गप्प झाली.

काम संपलं तसं राडोवानच्या बायकोने, ब्लांकाने, हाक मारली. "या भाऊजी, आधी तो शर्ट काढा. हा घाला." तिने नवऱ्याची संघातली जर्सी पुढे केली. ती अंगात घालून ओताकार अंगणातल्या टेबलाशी बसला. समोर स्ट्रॉबेरी भरून उकडलेले पिठाचे गोळे आले, वर वितळलेलं लोणी आणि साखर. ज्याची जर्सी अंगात, ज्याचं लोणी तोंडात, त्याला नारळ द्यायचा तरी कसा?

तेवढ्यात घरात राडोवानचा फोन वाजला. तो आत गेला.

"ओताकार फोन उचलत नाहीये," अध्यक्ष म्हणाले. "त्याने तुला सांगितलं ना?"

राडोवानने खिडकीतून बाहेर पाहिलं. मॅनेजर गोळ्याकडे टक लावून ओठांतल्या ओठांत काहीतरी पाठ करत होता.

"सांगितलं. फार छान सांगितलं."

"मनाला लावून घेऊ नकोस. आणि तुझ्यापुरतं ठेव, सोमवारी ओताकारलाही मोकळं करतोय. अशा मोसमाचं खापर कुणाच्या तरी डोक्यावर फोडायला हवं ना! त्याला बोलू नकोस हं."

राडोवान बाहेर आला, तेव्हा ओताकारने अखेर धीर गोळा केला होता. "राडोवान, क्लब तुझा..."

"ठाऊक आहे, साहेब. फाटकात गाडी दिसली तेव्हाच कळलं. इतक्या वर्षांत इकडे फिरकला नाहीत, ते आज काय कोबा बघायला आलात?"

"मग मला दिवसभर बोलू का दिलं नाहीस?"

"बोलला असतात की निघाला असतात. फळीचं दुसरं टोक काय ब्लांकाने धरायचं?"

ब्लांका खो खो हसली. ओताकारही हसला. छातीवरचा दगड उतरला होता. राडोवान मात्र हसला नाही. त्याने लोणी पुढे सरकवलं. बिअर ओतली. पेला भरलेलाच होता, तरी पुन्हा ओतली.

"साहेब, सोमवारी काय करताय?"

"अध्यक्षांकडे बैठक. नवा प्रशिक्षक ठरवायचाय."

"हं." त्याने बायकोकडे पाहिलं, फेसाकडे पाहिलं. "मंगळवारपासून मी घराचं नवं छप्पर घालायला घेतोय. तू ये ना. दोघं मिळून करू."

ओताकारचा काटा हवेतच थांबला. हरोत वा जिंकोत, राडोवानचं 'तुम्ही' आजवर कधी सुटलं नव्हतं. मॅनेजरला खेळाडू अरे-तुरे करत नाही.

"म्हणजे मलाही... सोमवारी?" त्याने हळूच विचारलं.

"सोमवारी," राडोवान खाली बघत म्हणाला.

पाइनच्या झाडावर सुतारपक्षी टकटक करत होता. आता आपल्या पोटात खड्डा पडणार, म्हणून ओताकार थोडा वेळ वाट बघत बसला. खड्डा पडला खरा, पण तो भुकेचा होता.

"पत्र्याचं की कौलांचं?"

"कौलांचं."

"मग उन्हं चढायच्या आत लागायला हवं. सोमवारी मुक्कामालाच येतो," ओताकार म्हणाला आणि ताट पुढे केलं. "वहिनी, तो शेवटचा गोळा कुणाला नको असेल, तर इकडे वाढा."