महालक्ष्मीच्या पंगतीत तुपाची गाडी

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मोजमापात मला हरवणारा माणूस प्रताप नगरात अजून राहायला आलेला नाही! सरकारी नोकरीत चौतीस वर्षं रस्त्यांचे आणि पुलांचे नकाशे काढले मी. त्यामुळे यंदा महालक्ष्म्यांच्या जेवणाला पंगतीत तूप आगगाडीनं वाढायचं असं जाहीर करताना मला कणभरही शंका नव्हती.

शंका होती ती बायकोला. "अहो, तूप चमच्यानं वाढतात," अरुंधती म्हणाली.

"ते सामान्य लोक!" मी म्हणालो.

आगगाडी अर्थातच माझी नव्हती. ती शेजारच्या चंपतरावांची. चंपतराव खापरखेड्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या गाड्यांचं शंटिंग करून निवृत्त झाले. त्यांची मुलगी कामिनी जर्मनीत नोकरीला असते, दोन-दोन वर्षं तिचं येणं होत नाही. वडील निवृत्त झाले तेव्हा तिनं हे इंजिन आणून दिलं. म्हणायला खेळणं, पण हातभर लांब आणि दोन्ही हातांनी उचलावं लागेल एवढं जड! सोबत तीन डबे आणि एका गोलापुरते पितळी रूळ. रोज संध्याकाळी चंपतराव त्याच्या दहा फेऱ्या मारत, मऊ फडक्यानं पुसत आणि पेटीत ठेवत. लेकीशी फोनवर बोलणंही बहुतेक त्या इंजिनाबद्दलच.

"न्या ना भाऊ," ते म्हणाले. "पण एकच सांगून राहिलो. त्याले त्याच्याच रुळावर चालवजा. दुसऱ्या कंपनीचा तुकडा नोका लावू मंधात."

"शब्द दिला!" मी छातीवर हात ठेवून म्हणालो.

आता पंगत तीस पानांची आणि रूळ पाच पानांपुरते. काय करणार? थोडे इंटरनेटवरून चिनी मागवले, थोडे सीताबर्डीच्या एका दुकानात धूळ खात पडले होते, ते तिसऱ्याच कंपनीचे. घरी आणून पट्टी लावली. तिन्हींच्या रुळांमधलं अंतर बरोबर पंचेचाळीस मिलिमीटर! मग बिघडलं कुठं? रूळ म्हणजे रूळ!

आणि दिलेल्या शब्दाचं काय, असं तुम्ही विचाराल. मी स्वतःची समजूत घातली की असल्या अटी ज्यांना मोजमाप कळत नाही त्यांच्यासाठी असतात. लिहिताना आज लाज वाटते, तेव्हा वाटली नाही.

अंतर सारखं होतं, बाकी काहीच सारखं नव्हतं. चिनी रूळ तांदळाच्या दाण्याभरानं बुटका. तिसऱ्या कंपनीची जोडपट्टी कोणाच्यातच शिरेना. मी ती पक्कडीनं चेपली, बुटक्या रुळाखाली पुठ्ठा सारला आणि सांध्यावर चॉकलेटची चांदी गुंडाळली, कारण इंजिनाला वीज रुळातूनच मिळते. मग पाट ओळीनं मांडून त्यांवर रूळ बसवले आणि प्रत्येक सांध्यावर झेंडूची फुलं वाहिली. भक्तीनं नव्हे. चंपतरावांना सांधे दिसू नयेत म्हणून!

महालक्ष्म्यांचं जेवण मुळात उशिराचं. सोळा भाज्या, पुरणपोळ्या, आंबील, नैवेद्य, आरती होऊन पानं वाढेपर्यंत तीन वाजले. वरणभात पडला. आणि आमच्याकडं वरणभातावर तूप पडल्याशिवाय कोणी घासाला हात लावत नाही! तीस माणसं हात आवरून गाडीची वाट पाहू लागली.

"गिरिधर, मी शुगरची गोळी घेऊन बसली आहे रे," लतिकामावशी म्हणाल्या. "लवकर कर!"

पहिलं पान मानाचं, म्हणून त्यावर चंपतराव. कोरं उपरणं घेऊन आले होते. मी बटण दाबलं. शिट्टी वाजली, इंजिन निघालं, मागच्या डब्यात तुपाचं भांडं डुलू लागलं. टाळ्या पडल्या! पहिल्या झेंडूपाशी इंजिन थांबलं.

"सिग्नल नाही मिळाला जिजाजींना!" माझा मेहुणा सुमंत ओरडला.

मी बोटानं ढकललं. इंजिन बुटक्या रुळावर ठक्कन उतरलं आणि चमचाभर तूप पाटावर सांडलं.

"भाऊ, हे फुलं काहून ठेवले रुळावर?" चंपतरावांनी विचारलं.

"सजावट!"

"गिरिधर, मला गरगरून राहिलं!" मावशी म्हणाल्या.

मी घाबरलो आणि वेगाची कळ पूर्ण फिरवली. इंजिन सुसाट सुटलं, वळणावरच्या चेपलेल्या पट्टीवर उसळलं आणि थेट आंबिलीच्या पातेल्यात! चाकं वर! डबा उलटून तूप सुमंतच्या मांडीवर.

 तीस माणसांसमोर मी काय म्हणालो असेन? "इंजिनच खराब दिसतंय!"

लोक हसले. चंपतराव हसले नाहीत. ते उठले, आंबिलीत दोन्ही हात घालून त्यांनी इंजिन बाहेर काढलं आणि कोऱ्या उपरण्यानं पुसू लागले. "कामिनीले काय सांगू आता?" ते स्वतःशीच पुटपुटले.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. "थांबा!" मी ओरडलो. "इंजिन चांगलं आहे! रूळ मी मिसळले, तीन कंपन्यांचे. चंपतरावांनी बजावलं होतं. मी शब्द दिला आणि मोडला. वर सांधे झाकायला देवाची फुलं वापरली, आणि आत्ता खोटंही बोललो." डोळ्यांत पाणी आलं.

"झालं?" लतिकामावशी म्हणाल्या. "मग आता कोणीतरी तूप वाढा रे!"

पुढचे आठ दिवस मी रोज चंपतरावांच्या घरी जाऊन टूथब्रशनं इंजिनाचे दाते घासत होतो. ते कामापुरतंच बोलत. नवव्या दिवशी इंजिन फिरलं. आंबट वास येत होता, पण फिरलं! मला हायसं वाटलं. मी हात पुढे केला.

"इंजिनाले हात नोका लावू," चंपतराव म्हणाले. "रुळाले बी नोका लावू."

"मग मी काय करू?"

त्यांनी बराच विचार केला. "तुमी फाटक सांभाळा."

मी गोलाभोवती पाहिलं. "फाटक कुठं आहे?"

"नाही ना गा," ते शांतपणे म्हणाले. "म्हणूनच त तुमाले देऊन राहिलो."

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी तिथं मांडी घालून बसतो. आणि अभिमानानं सांगतो, माझ्या फाटकावर आजपर्यंत एकही अपघात झालेला नाही!