पांढरीची हजेरी

"आता एक जरी पिल्लू वाढलं, तरी सगळे पिंजरे पक्षीवाल्याकडे जातील," मास्तरीणबाईंनी ओल्या कपड्यांची बादली गॅलरीच्या दारात ठेवून सांगितलं. "तीन वर्षांपूर्वी दोन पक्षी आणलेत. आज किती आहेत?"

"तेवीस," हेडमास्तर म्हणाले. हजेरी ते रोज घेत, त्यामुळे आकडा तोंडपाठ होता.

"आणि माझे कपडे वाळतायत खुर्च्यांच्या पाठीवर."

शाळेतून निवृत्त झाल्यावर हेडमास्तरांना फिंच पक्ष्यांचा नाद लागला होता. अंगठ्याएवढा जीव, चोच लाल, अंगावर ठिपके. त्यांना सोडून जगायचं म्हणजे रिकाम्या वर्गासमोर उभं राहायचं. त्यांनी निमूटपणे अट मान्य केली आणि त्याच दुपारी दोन पिंजऱ्यांवर पाट्या लावल्या : 'मुलगे' आणि 'मुली'.

मदतीला नऊ वर्षांची नात होती, चिमणी. हेडमास्तरांनी तिला आधी धडा दिला. "ज्याचे गाल नारिंगी, तो नर. जिचे गाल राखाडी, ती मादी. बारीक बघायचं, मगच बोलायचं."

अकरा मुलगे आणि अकरा मुली अर्ध्या तासात आपापल्या वर्गात गेल्या. उरला तो एक पांढराशुभ्र पक्षी. त्याला गालच नव्हते, म्हणजे होते, पण तेही पांढरे.

"चोच बघायची. गडद लाल तर नर, फिकी तर मादी," हेडमास्तर म्हणाले.

"लाल आहे."

"फिकी वाटते मला."

"मग आता?"

"मग परीक्षा. नर गातो, मादी गात नाही. आपण ऐकायचं."

हेडमास्तरांनी पांढऱ्याला वेगळ्या पिंजऱ्यात ठेवलं आणि आठ दिवस रोज तासभर समोर खुर्ची टाकून बसले. मांडीवर वही. रोज शेवटी तारीख घालून एकच नोंद : 'गाणे : नाही.'

"आजोबा, तो गातोय," तिसऱ्या दिवशी चिमणी म्हणाली.

"तो आवाज मुलग्यांच्या पिंजऱ्यातला."

"पण चोच उघडतोय, मान ताणतोय. नाचतोयसुद्धा."

"आळस देते आहे," हेडमास्तर प्रेमाने म्हणाले. "घाईने निष्कर्ष काढू नये, बाळ."

नवव्या दिवशी पांढरी 'मुली'मध्ये दाखल झाली. पटावर तिचं नाव बारावं लागलं.

महिनाभराने मुलींनी दाण्याच्या वाटीत गवत रचून घरटं केलं आणि त्यात पाच अंडी दिसली, शेंगदाण्यांएवढी. मास्तरीणबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"हे काय?"

"अगं, कोंबडी नाही का कोंबड्याशिवाय अंडं देत? तसंच. यातून काही निघायचं नाही."

"मग काढून टाका."

"काढली तर ती पुन्हा घालेल आणि अशक्त होईल. बसू दे पंधरा दिवस. कंटाळून उठेल आपणहून. शास्त्र आहे त्याचं."

"लिहून द्या."

हेडमास्तरांनी कोरा कागद घेतला आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'या अंड्यांतून पिल्लू निघणार नाही.' खाली सही केली. मास्तरीणबाईंनी कागद फ्रीजवर चिकटवला आणि आत जाता जाता त्या काहीतरी म्हणाल्या. ते हेडमास्तरांना नीट कळलं नाही. पण बायको हल्ली पुटपुटल्यासारखंच बोलते, अशी त्यांची जुनी तक्रार होतीच.

तेराव्या दिवशी वाटीत अंड्यांची टरफलं होती आणि टरफलांशेजारी कापसाचे गुलाबी गोळे हलत होते. हेडमास्तरांनी ते दोनदा मोजले. त्यांनी पिंजऱ्यावर जुनी चादर टाकली आणि चिमणीला कोपऱ्यात घेऊन कुजबुजले, "आजीला सांगू नकोस. पाचही निघाली आहेत."

हेडमास्तरांचं कुजबुजणं असं होतं, की एके काळी त्याने शाळेचं मैदान गप्प होत असे. स्वयंपाकघरात पातेल्यावरचं झाकण पडल्याचा आवाज झाला. तो चिमणीला ऐकू आला.

"चादर कशाला?" मास्तरीणबाईंनी जेवताना मोठ्याने विचारलं.

"मुलींना सर्दी झाली आहे."

"बाराही जणींना?"

"एका वर्गात पसरतेच."

आठवड्याभरात पिल्लांना कंठ फुटला. दाणे भरवायला आई आली, की पाचही जण रबरी बाहुली दाबल्यासारखी एकसुरात किंचाळत. शेजारीण दारावरून जाताना थबके. चिमणी कासावीस होई.

"आजोबा, फार ओरडतायत हो."

हेडमास्तर चादरीला कान लावत आणि समाधानाने मान हलवत. "अगदी शहाणी आहेत. हूं का चूं नाही."

रविवारी सकाळी ते दाणे निवडत होते, तेव्हा मास्तरीणबाई एका अनोळखी माणसाला थेट गॅलरीत घेऊन आल्या. दारावरची बेल कधी वाजली, हेडमास्तरांना कळलंच नाही. माणसाच्या हातात काळी पेटी होती. मास्तरीणबाईंनी चादर ओढली. पाच चोची वर झाल्या.

"अट आठवते ना?"

हेडमास्तरांच्या हातातलं ताट खाली टेकलं. "आठवते," ते म्हणाले. मग त्या माणसाकडे वळून म्हणाले, "पिल्लं अजून लहान आहेत. पंधरा दिवस तरी आईपासून तोडू नका. पांढरीला कोपऱ्यातली काडी लागते झोपायला. तेवढं बघा."

माणूस गोंधळला. "मी माप घ्यायला आलोय."

"पिंजऱ्याचं?"

"कानाचं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तुमची ती पांढरी दोन महिने घसा ताणून गातेय. मला स्वयंपाकघरात ऐकू येतं. तुम्ही हातभर अंतरावर बसून 'नाही' लिहिलंत. तीन वर्षं म्हणतेय, कान दाखवा. तर म्हणे मी पुटपुटते. आता पाच साक्षीदार आहेत. यंत्र लावलंत तर पक्षी राहतील. नाहीतर फोन लावते पक्षीवाल्याला."

हेडमास्तरांनी चिमणीकडे पाहिलं. चिमणी गंभीरपणे म्हणाली, "बारीक ऐकायचं, मगच बोलायचं."

दहा दिवसांनी यंत्र आलं. माणसाने ते कानामागे बसवलं आणि कळ दाबली. हेडमास्तरांना आधी पंखा ऐकू आला, मग फ्रीज, मग स्वतःच्या सपाता. ते कौतुकाने हसले आणि गॅलरीचं दार उघडलं.

अठ्ठावीस फिंच एकदम बोलत होते.

हेडमास्तर दाराची चौकट धरून उभे राहिले. "हे असं... रोज असतं?"

"तीन वर्षं."

"आणि तू काही बोलली नाहीस?"

"रोज बोलले," मास्तरीणबाई म्हणाल्या.

हेडमास्तर पाच मिनिटं खुर्चीवर बसले. मग घसा साफ करून म्हणाले, "मी म्हणतो, निम्मे पक्षी त्या पक्षीवाल्याला द्यावेत का? त्याच्याकडे जागा मोठी आहे."

"एकही जायचा नाही," मास्तरीणबाई बादली उचलत म्हणाल्या. "आणि ते यंत्र काढायचं नाही. माझी तीन वर्षं भरून निघू देत."

त्या कपडे घेऊन खुर्च्यांकडे गेल्या. हेडमास्तरांनी वही उघडली. 'मुली'च्या पटावरचं बारावं नाव खोडून 'मुलगे'च्या पटावर चढवलं. पांढरा काडीवर येऊन बसला, मान ताणली आणि सुरू झाला. हेडमास्तर पूर्ण गाणं ऐकून थांबले. मग तारीख घालून लिहिलं, 'गाणे : आहे.'

जरा विचार करून त्यांनी खाली, बारीक अक्षरात, आणखी दोन शब्द लिहिले : 'फार आहे.'