शेवटच्या बाकावरचे अण्णा

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. लिहिणं हे आपलं काम नव्हे असं अजूनही वाटतं, म्हणून चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. पण वामनअण्णांबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही!

चामराजपेटच्या आमच्या गल्लीत अण्णा एकटेच राहतात. सरकारी कारखान्यातून रिटायर झालेले इंजिनिअर. हे गृहस्थ रोज बस बदलून शहराबाहेरच्या होसकोट्याच्या सरकारी कन्नड शाळेत जातात आणि पाचवीच्या शेवटच्या बाकावर गुडघे हनुवटीला टेकवून बसतात. हेडमास्तरांची परवानगी आहे. शिकवत मात्र नाहीत. मधेच हात वर करून कन्नडमध्ये ओरडतात, "अर्थ आगलिल्ला, मिस!" म्हणजे, कळलं नाही!

कॉलेजच्या उपक्रमासाठी मी शनिवारी त्यांच्याबरोबर जाऊ लागले. पहिल्याच दिवशी मंजुळा मिस अपूर्णांक शिकवत होत्या. पाव मोठा की एक तृतीयांश?

अण्णांचा हात वर. "मिस, तीनापेक्षा चार मोठे ना? मग पावच मोठा!"

सगळा वर्ग खिदळला. मीही. पण बांधकामावरच्या मजुराची सुनीता हळूच म्हणाली, "मलाही तसंच वाटलं." मग आणखी दोघं बोलली. मिसनी फळा सोडला, डबा उघडला आणि चपात्याच फाडायला घेतल्या!

मिस आधी अण्णांवर चिडायच्या, म्हणे. "अण्णा, मुलं 'कळलं' म्हणतात, तुम्हालाच कसं कळत नाही?" तेव्हा अण्णांनी मधल्या सुट्टीत तोच धडा त्यांना भराभर मराठीत समजावला आणि विचारलं, "कळलं?" मिसनी मान डोलावली. मिसना मराठीचा गंध नाही!

"बघा! तुम्ही ग्रॅज्युएट, तरी मान हलवलीत. सुनीताच्या घरी तेलुगू बोलतात. ती काय करील?"

मिस लाजल्या आणि मग पोट धरून हसल्या. आता त्या वर्गात इतके हात वर असतात की अण्णांचा नंबरच लागत नाही. "स्वल्प, जरा मलाही विचारू द्या रे!" म्हणून भांडतात.

पण मिस कंत्राटी होत्या. यंदा सरकारी भरतीत त्या वरच्या नंबरानं पास झाल्या. आम्ही नाचलो! मग लक्षात आलं, वरच्या नंबराला शाळा निवडता येते, आणि शहरातल्या जागा रिकाम्या आहेत. होसकोटं कोण घेणार? सुनीताच्या वर्गाला पुन्हा दर वर्षी नवं माणूस.

वर अण्णांनीच त्यांना सांगितलं, "शहरातली घ्या. तुमच्या आजारी आईला हॉस्पिटल जवळ पडेल."

"अण्णा, हे काय सांगून बसलात!" मी वैतागले.

"चांगली मास्तरीण गरिबांच्या शाळेत टिकावी, खरंय. पण तिच्या आईच्या जिवावर नको, पोरी."

शाळा निवडायच्या दिवशी आईनं दिलेला उपमा घेऊन मी अण्णांकडे गेले. दोन्ही खोल्यांत रेडिओ चालू होते, वेगवेगळे. मी एक बंद करायला गेले तर म्हणाले, "असू दे. घरात कुणी बोलत असलं की बरं वाटतं."

"नव्या मिसनाही असंच छळा की."

"त्या बसू देतील? या वयात मला वर्गात कोण घेतंय?" उपम्याला त्यांनी हातही लावला नव्हता.

फोन वाजला. अण्णा उचलेनात. शेवटी मीच उचलला आणि स्पीकर लावला. मागे बसचे हॉर्न, आणि मिसचा धापा टाकणारा आवाज.

"अण्णा, मी होसकोटंच घेतलं! आईच म्हणाली, हॉस्पिटलला बसनं जाऊ. सोमवारी पहिला तास गणिताचा आहे, उशीर करू नका."